गोधडीकाम

जुन्या, विरलेल्या अथवा बेतताना उरलेल्या कापडाच्या तुकड्यांचे थर एकमेकांवर रचून ते आरपार जाणाऱ्या धावदोऱ्याने एकजीव करण्याची कला. या रीतीने अंथरुणे-पांघरुणे, बाळांची दुपटी, बसावयाची आसने, पोथ्यांची वेष्टने, बटवे तसेच गरम भांड्यांखाली व चहाच्या पेल्यांखाली ठेवावयाच्या लहान चटया तयार करतात. महाराष्ट्रात या प्रकारातील पांघरुणास गोधडी किंवा वाकळ म्हणतात. गुजरातीतील ‘गोदडी’, हिंदीतील ‘गुदडी’ व कन्नडमधील ‘कौदी’ हे शब्द याच वस्तूचे वाचक असून संस्कृतात तिला ‘कंथा’ अशी संज्ञा आहे. घोंगडी हा प्रकार यापासून सर्वस्वी वेगळा होय. ती लोकरीच्या सुताची एकसंध विणलेली असते, तर गोधडी विणली जात नाही, शिवली जाते. बोलण्यात या दोहोंची गल्लत पुष्कळदा होते.

गोधडीकामात दोन भिन्न क्रिया एकत्र येतात. पहिली तुकडे कडेला कड लावून जोडण्याची व दुसरी थर टाक्यांनी बांधण्याची. या दोन क्रियांचा इतिहासही स्वतंत्र आहे. तुकडे न जोडता केवळ थर शिवून केलेली वस्त्रे आहेत, उदा., कापूस भरलेले लढाऊ अंगरखे. थर न शिवता केवळ तुकडे जोडून केलेली वस्त्रेही आहेत, उदा., बौद्ध भिक्षूंचे चीवर. गोधडीत या दोहोंचा संगम होतो आणि तिच्यात कापड नव्याने विकत घ्यावे लागत नाही, हे तिचे तिसरे लक्षण मानावयास हरकत नाही.

तंत्र : गोधडीची ऊब कापडाच्या जाडीपेक्षा थरांमध्ये अडकून राहिलेल्या हवेवर अधिक अवलंबून असते. स्थिर हवा ही उष्णतेची मंदवाहक आहे. टाक्यांमुळे थर सरकत नाहीत व टाक्यांच्या ओळींमधील फुगीर भागांत हवा कोंडून राहते. निजलेल्या माणसाच्या अंगची उष्णता जी रचना बाहेर जाऊ देत नाही, तीच रचना गरम पेल्याची उष्णता मेजाच्या लाकडापर्यंत पोहोचू देत नाही. त्यामुळे मोठी गोधडी व वीतभर चटई यांत आकार वगळता तत्त्वतः काही अंतर नाही.

पेल्याखालची साधी चौकोनी चटई सु. १० ते १२ सेंमी. बाजूची असते. पेल्याशेजारी बिस्किटे ठेवण्यास जागा हवी असल्यास ती सु. १५ × २० सेंमी. पर्यंत मोठी करतात. तुकडे जोडताना शिवणीत सु. ६ मिमी. कापड सोडतात व प्रत्येक जोड इस्त्री करून बसवितात. मधल्या थरास सुती पिंजण, जुना पंचा किंवा फलालीन वापरावे; कृत्रिम धाग्याचा भराव अतिशय गरम भांड्याखाली मऊ पडून दबतो. तिन्ही थर कच्च्या दोऱ्याने बांधून मग धावदोरा घालतात आणि शेवटी कडेने पट्टीचा गोट लावतात. नवे कापड असल्यास ते आधी धुऊन घेणे अगत्याचे असते, कारण निरनिराळी कापडे निरनिराळ्या प्रमाणात आटतात आणि पहिल्याच धुण्यात चटई वेडीवाकडी होते. जुन्या कापडाच्या बाबतीत ही अडचण येत नाही. शेकडो वेळा धुतलेल्या लुगड्याचे आटणे केव्हाच संपलेले असते, त्यातील खळ गेलेली असते व सुई त्यातून विनासायास जाते. गोधडीसाठी जुने कापड वापरले जाते ते केवळ काटकसरीपोटी, ही समजूत म्हणूनच अपुरी आहे. हातशिलाईच्या दृष्टीने जुने कापड हे नव्याहून सरस साहित्य होय.

टाक्यांच्या क्रमातही परंपरेनुसार भेद दिसतो. यूरोप-अमेरिकेत लाकडी चौकटीवर ताणलेले थर सामान्यतः मध्यापासून कडांकडे शिवतात. महाराष्ट्रात गोधडी जमिनीवर पसरून बहुधा कडेपासून आत, चौकोनात चौकोन घेत शिवतात. शिवणारी स्त्री गोधडीवरच बसलेली असते व टाक्यांबरोबर सरकत जाते.

प्राचीन पुरावे : या कलेच्या इतिहासलेखनातील मुख्य अडचण तिच्या स्वरूपातच आहे. गोधडी ही झिजेपर्यंत वापरण्यासाठीच केलेली असते. ती फाटली की दुसऱ्या गोधडीच्या पोटात जाते आणि तिचा शेवट पोतेऱ्यात होतो. जे नमुने शतकानुशतके टिकले ते बहुतेक समाधीत पुरलेले, देवस्थानास वाहिलेले किंवा पेटीत जपलेले, म्हणजे न वापरलेले आहेत. परिणामी, संग्रहालयांतील नमुन्यांवरून या कलेविषयी जे चित्र उभे राहते ते राजघराण्यांचे, मठांचे व सुखवस्तू घरांचे असते. जिच्या अंगावर ती रोज होती, त्या बहुसंख्य प्रजेचे नसते. पुढील सर्व उदाहरणे ही मर्यादा लक्षात घेऊन वाचावयास हवीत.

ईजिप्तमधील अबायडॉस येथे फ्लिंडर्स पीट्री यांना १९०३ साली सापडलेली पहिल्या राजवंशाच्या काळातील (इ. स. पू. सु. ३०००) एका राजाची हस्तिदंती मूर्ती ब्रिटिश म्यूझीयममध्ये आहे. तिच्या अंगावरील शंकरपाळी नक्षीचे जाड वस्त्र थर शिवून केलेले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. प्रत्यक्ष वस्तू म्हणून मात्र मंगोलियातील नोइन-उला येथील गालिचा अधिक विश्वसनीय आहे. प्यॉटर कोझलोव्ह यांच्या मोहिमेस १९२४-२५ मध्ये श्युंगनू सरदारांच्या दफनभूमीत तो सापडला. नमद्यावर दाट टाके घातलेला व कडेने प्राणियुद्धाच्या आकृत्या शिवलेला हा गालिचा इसवी सनाच्या प्रारंभाच्या सुमाराचा असून सेंट पीटर्सबर्ग येथील हर्मिटेज संग्रहालयात आहे.

भारतीय परंपरेत तुकडे जोडण्याचा सर्वांत जुना व सुस्पष्ट उल्लेख बौद्ध विनयपिटकात मिळतो. महावग्गातील कथेनुसार बुद्धाने मगधातील बांधांनी विभागलेली शेते आनंदास दाखविली व तशी आखणी असलेले चीवर करता येईल का, असे विचारले. आनंदाने ते करून दाखविले. भिक्षूने उकिरड्यावरील वा स्मशानातील चिंध्या वेचून, धुऊन, जोडून वस्त्र करावे, ही ‘पंसुकूल’ चीवराची कल्पनाही त्याच परंपरेतील आहे. कापडाचे तुकडे केल्याने त्याची बाजारातील किंमत नाहीशी होते, चोरास त्याचा मोह होत नाही व भिक्षूसही त्याचा अभिमान वाटत नाही, असा यामागील व्यवहारी विचार दिसतो.

बौद्ध धर्माबरोबर ही रीत मध्य आशियातून चीन व जपानपर्यंत गेली. ऑरेल स्टाइन यांनी १९०७ मध्ये तुनह्वांग येथील सहस्रबुद्ध गुहांमधून जे साहित्य मिळविले, त्यात रंगीबेरंगी रेशमी तुकडे जोडून केलेले आठव्या-नवव्या शतकांतील एक वस्त्र आहे. भाविकांनी वाहिलेली लहानमोठी रेशमी वस्त्रे त्यासाठी उपयोगात आणली असावीत. जपानमधील नारा येथील शोसो-इन भांडारात सम्राट शोमू याची काषाय वस्त्रे जतन केलेली आहेत. सम्राज्ञी कोम्यो हिने ७५६ मध्ये ती मंदिरास अर्पण केली व अर्पणाच्या यादीत त्यांना अग्रस्थान दिले. त्यांपैकी काही वस्त्रांत निरनिराळ्या रंगांच्या रेशमाचे वेडेवाकडे तुकडे थरांनी मांडून ते बारीक धावदोऱ्याने शिवले आहेत. चिंध्यांचा भास व्हावा, म्हणून उंची रेशीम मुद्दाम कातरलेले आहे. दारिद्र्याची खूण राजाच्या वैराग्याची खूण झाल्याचे हे उदाहरण असून या कलेच्या इतिहासात हा प्रकार पुढे वारंवार घडलेला आढळतो.

कंथा : भारतात कंथा हे प्रथमतः विरक्ताचे वस्त्र म्हणून साहित्यात येते. जोगी, नाथपंथी, फकीर यांच्या वेशात तिला स्थान आहे. कृष्णदास कविराजाच्या चैतन्यचरितामृतात सनातन गोस्वामी काशीत आपली भारी कांबळ एका गौडीय भिक्षुकास देऊन त्याची फाटकी कंथा मागून घेतात, असा प्रसंग आहे. भिक्षुकास ही थट्टा वाटते, हा त्यातील मार्मिक तपशील. कंथेचे मोल त्याच्या लेखी केवळ गरजेचे होते.

बंगाली घरांत या वस्तूने वेगळेच रूप घेतले. जुन्या साड्या-धोतरांचे थर घालून, त्यांच्याच काठांतून उसवलेल्या रंगीत धाग्यांनी कमळे, हत्ती, पालख्या, रथ यांच्या आकृत्या भरलेल्या ‘नक्षी काँथा’ तेथील स्त्रियांनी केल्या. पांघरुणाखेरीज आरसा-फणी गुंडाळण्याची ‘आर्शिलता’, पाहुण्यास बसावयास देण्याचे ‘आसन’, पोथ्या-कपडे बांधण्याचे चौकोनी वेष्टन, रुमाल व बटवा असे लहान प्रकार त्यांत आहेत. आजच्या पेल्याखालच्या चटईची खरी पूर्वजे शोधावयाची झाल्यास ती या लहान वस्तूंत सापडतात. गुरुसदय दत्त (१८८२–१९४१) यांनी ग्रामीण बंगालमधून जमविलेल्या काँथा कोलकात्याजवळील गुरुसदय संग्रहालयात असून स्टेला क्रामरिश यांचा संग्रह फिलाडेल्फिया म्यूझीयम ऑफ आर्टमध्ये आहे. गुरुसदय संग्रहातील एका काँथेवर मानदासुंदरी या स्त्रीने आपले नाव टाक्यांनी लिहून ती पित्यास अर्पण केली आहे. अशी नावे अपवादात्मक आहेत. कवी जसीमुद्दीन यांचे नक्षी काँथार माठ हे काव्य १९२९ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर सुशिक्षित बंगाली समाजाचे या कलेकडे विशेष लक्ष गेले. बिहारची सुजनी व सिंधची रल्ली हे याच कुळातील प्रकार होत. रल्ली हे नाव एकत्र करणे वा मिसळणे या अर्थाच्या सिंधी क्रियापदापासून आलेले आहे.

महाराष्ट्र : बंगाली काँथेच्या मानाने महाराष्ट्रातील गोधडीवर नक्षीकाम थोडे, तिची शोभा काठापदरांच्या मांडणीत व टाक्यांच्या सरळपणात असते. याच कारणाने तिच्याकडे संग्राहकांचे लक्ष कमी गेले असावे. वरच्या व खालच्या थरास जुने नऊवारी लुगडे घेतात. सु. आठ मीटर लांबीच्या लुगड्याचे तुकडे उभे जोडल्यास पांघरुणाची रुंदी सहज भरते. आत धोतरे, उपरणी, मुलांचे कपडे व पोकळी राहील तेथे चिंध्या पसरतात. कापडाचा विरलेला भाग मध्ये जाईल व धड भाग बाहेर राहील, अशी योजना करणे हे खरे कौशल्य होय. वापरात जेथे फाटेल तेथे ठिगळ पडते. अगदीच जीर्ण झालेली गोधडी टाकून न देता तिलाच नव्या लुगड्याची खोळ चढवून पुन्हा शिवतात. त्यामुळे एकाच गोधडीच्या पोटात दोन-तीन पिढ्यांचे कपडे असणे हे नवलाचे नाही. वाकळ ही सामान्यतः अधिक जाड व ओबडधोबड, तर तान्ह्या मुलाचे दुपटे मऊ व पातळ असते. दुपट्यास आजीचे लुगडे वा आजोबांचे धोतर घेण्याची चाल सर्वत्र होती. त्यामागे वडीलधाऱ्यांच्या आशीर्वादाची भावना होती हे खरे, पण तान्ह्याच्या त्वचेस त्याहून मऊ कापड घरात दुसरे नसे, हेही तितकेच खरे.

कोणते कापड गोधडीत जावे हा घरातील अर्थकारणाचा प्रश्न होता. जरीचे वा बऱ्या स्थितीतील लुगडे बोहारणीच्या वाट्यास जाई व त्याच्या मोबदल्यात भांडे येई. बोहारीण जे घेणार नाही ते गोधडीस, गोधडीस जे पुरणार नाही ते पोतेऱ्यास, जखमेच्या पट्टीस वा काकड्यास, असा उतरता क्रम असे. लुगड्याच्या धड भागातून आधी मुलीचे परकर-पोलके निघत असे ते वेगळेच. म्हणजे गोधडीतील चिंधी ही कापडाच्या आयुष्यातील बहुधा तिसरी किंवा चौथी अवस्था होय. चरख्यावर सूत कातून हातमागावर कापड विणले जात होते, तोवर एका लुगड्यात अनेक दिवसांचे कष्ट साठलेले असत. ते इतक्या सहजी संपू न देणे स्वाभाविकच होते.

गोधड्या शिवण्याचे काम शेतीची घाई नसताना, विशेषतः उन्हाळ्यात, ओट्यावर किंवा अंगणात चाले. घरातील स्त्रियांखेरीज मजुरीवर गोधड्या शिवून देणाऱ्या बायकाही गावोगाव असत व त्यांना रोख पैसे किंवा धान्य मिळे. घटस्थापनेपूर्वी घरातील सर्व अंथरूण-पांघरूण नदीवर नेऊन धुण्याची चाल आहे. पाण्याने भिजलेली वाकळ एकटीला पिळता येत नाही, त्यासाठी दोघीजणी लागतात. या सर्व श्रमांची नोंद हिशेबाच्या वह्यांत क्वचितच येते.

गोव्याच्या सीमेलगत उत्तर कानडा जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत राहणाऱ्या सिद्दी लोकांची ‘कवंडी’ येथे उल्लेखनीय आहे. त्यांच्यापैकी पुष्कळांचे पूर्वज पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात गुलाम म्हणून आणलेले होते व तेथून निसटून ते घाटावरील रानात स्थायिक झाले. सिद्दी स्त्रिया कवंडी एका कोपऱ्यातून सुरू करून कडेकडेने मध्याकडे शिवत जातात. तुकडे आधी जोडून न घेता ते एकेक करून तळच्या लुगड्यावर ठेवीत टाके घालतात. चारी कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची ‘फुले’ लावल्याखेरीज कवंडी पूर्ण झाली असे मानीत नाहीत. फुलांवाचून ती उघडी दिसते, असे त्या म्हणतात.

मुंबईत कावसजी दावर यांची पहिली कापडगिरणी १८५६ मध्ये सुरू झाली व त्यानंतरच्या अर्धशतकात गिरणीचे धोतर व लुगडे खेड्यांत पोहोचले. शिवणयंत्राच्या प्रसारामुळे गावोगाव शिंप्यांची दुकाने झाली व त्यांच्या कातरणीखालून नव्या कापडाची नवीच चिंधी निघू लागली. जुनी चिंधी झिजून झालेली असते, ही नवी चिंधी बेतण्यातून उरलेली. पहिली मऊ पण दुबळी, दुसरी टणक पण लहान व वाकड्या आकाराची. पांघरुणापेक्षा लहान वस्तूंकडे, म्हणजे आसन, पिशवी, भांड्याखालची चटई यांकडे, ही दुसरी चिंधी साहजिकच वळली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृत्रिम धाग्याच्या साड्या आल्या, त्यांनी गोधडीस झगझगीत रंग दिले. परंतु असे कापड घाम टिपत नाही व टाक्याखाली निसटते.

यूरोप : यूरोपात थर शिवण्याची कला मध्ययुगात चिलखताखालील अंगरख्यांच्या रूपाने रुजलेली होती. त्या अंगरख्याचे ‘ॲक्टन’ हे जुने नाव अरबी ‘अल्-कुत्न’ (कापूस) या शब्दापासून आले आहे. सिसिलीत सु. १३६०–१४०० मध्ये तयार झालेले व ट्रिस्टनच्या कथेची दृश्ये फुगीर टाक्यांनी दाखविणारे पांघरूण लंडनच्या व्हिक्टोरिया अँड ॲल्बर्ट म्यूझीयममध्ये आहे. त्यात चिंध्या मात्र नाहीत. तुकडे जोडण्याची हौस तेथे वाढली ती बऱ्याच अंशी भारतीय कापडामुळे. कोरोमंडल किनाऱ्यावरील रंगीत छिटांना सतराव्या शतकात इतकी मागणी आली, की स्थानिक विणकरांच्या ओरड्यामुळे फ्रान्सने १६८६ मध्ये त्यांवर बंदी घातली व ती १७५९ पर्यंत टिकली. इंग्लंडने १७०० व १७२१ च्या कायद्यांनी प्रथम आयात व नंतर वापरही रोखला. हे निर्बंध १७७४ मध्ये उठले. ज्यांच्या घरी छिटाचे कपडे होते त्यांनी त्यांचा कपटाही जपून ठेवावा, यात नवल नाही. कंब्रियातील लेव्हेन्झ हॉल येथील पांघरूण परंपरेने १७०८ चे मानले जाते व ते भारतीय छिटांच्या तुकड्यांचेच आहे. मच्छलीपट्टणच्या परिसरातील रंगाऱ्यांचे काम अशा रीतीने इंग्लंडच्या शयनगृहात चिंध्यांच्या रूपाने शिल्लक राहिले.

प्रत्यक्ष सालाची नोंद असलेले सर्वांत जुने ज्ञात ब्रिटिश पांघरूण १७१८ चे आहे. त्यातील रेशमी तुकडे कागदाच्या साच्यांवर दुमडून जोडलेले आहेत. या रीतीत साचे अनेकदा आतच राहतात. जुनी पत्रे, कित्ते, हिशेबाची पाने कातरून असे साचे केलेले असल्यामुळे अभ्यासकांस त्यांचा काळ ठरविण्यास मोठा उपयोग होतो.

अमेरिका : अमेरिकेतील आद्य वसाहतवाल्यांच्या बायकांनी दारिद्र्यामुळे चिंध्या जोडून पांघरुणे केली व त्यातून ही कला जन्मली, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. ती टिकत नाही. वसाहतकालीन मालमत्तेच्या याद्यांत शिवलेली पांघरुणे थोडी व महाग दाखविलेली आढळतात. सामान्य घरी विणलेली कांबळी असत. तुकड्यांच्या पांघरुणाचा खरा प्रसार एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या चरणापासून, गिरण्यांतील छापील सुती कापड स्वस्त झाल्यावर झाला. चिंध्या जोडण्यासाठी आधी निरनिराळ्या रंगांच्या चिंध्या घरात असाव्या लागतात, ही साधी गोष्ट या समजुतीत विसरली गेली होती. आणि हे स्वस्त कापड ज्या कापसाचे होते, तो दक्षिणेत गुलामांच्या श्रमांवर पिकत होता.

त्याच श्रमिकांच्या स्त्रियांनी केलेली काही पांघरुणे आज या कलेची शिखरे मानली जातात. जॉर्जियात गुलामगिरीत जन्मलेल्या हॅरिएट पॉवर्स (१८३७–१९१०) हिने बायबलमधील प्रसंग कापडी आकृत्यांनी दाखविणारे पांघरूण १८८६ मध्ये एका जत्रेत मांडले. प्रथम तिने ते विकण्यास नकार दिला. पुढे ओढगस्तीमुळे १८९१ मध्ये दहा डॉलर मागून पाच डॉलरला विकावे लागले. ते आता स्मिथसोनियन संस्थेकडे आहे. ॲलाबॅमातील जीज बेंड या वस्तीतील कृष्णवर्णीय स्त्रियांनी शेतावरील फाटक्या कपड्यांतून केलेली पांघरुणे २००२ मध्ये ह्यूस्टन व नंतर न्यूयॉर्क येथील कलासंग्रहालयांत मांडली गेली व २००६ मध्ये त्यांवर टपाल तिकिटे निघाली. त्या परिसरात १९६६ मध्ये स्त्रियांनी सहकारी संस्था काढून आपले काम विकण्यास प्रारंभ केला होता. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने १९७१ मध्ये जुनी पांघरुणे अमूर्त चित्रांसारखी भिंतीवर टांगून दाखविली. त्या प्रदर्शनाने या कलेस प्रतिष्ठा दिली. परंतु शिवणाऱ्या स्त्रिया मात्र बहुतांशी अनामच राहिल्या आणि पॅट्रिशिया मेनार्डी यांनी १९७३ मध्ये या उपेक्षेवर कठोर टीका केली. पळून जाणाऱ्या गुलामांना पांघरुणांवरील नक्ष्यांतून गुप्त खुणा दिल्या जात, ही १९९९ पासून लोकप्रिय झालेली कथा मात्र बहुतेक इतिहासकारांनी पुराव्याअभावी त्याज्य ठरविली आहे.

चिंध्यांच्या कामाने काही वेळा लेखनाची जागा घेतलेली दिसते. राजा या जहाजातून १८४१ मध्ये इंग्लंडहून टास्मानियास नेल्या जाणाऱ्या स्त्री-कैद्यांना एलिझाबेथ फ्राय यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या समितीने कापडाचे तुकडे व सुया दिल्या होत्या. प्रवासात त्यांनी २,८१५ तुकड्यांचे जे पांघरूण केले, ते आता कॅनबरा येथील राष्ट्रीय कलासंग्रहालयात आहे. सिंगापूरमधील चांगी तुरुंगात १९४२ मध्ये जपान्यांनी डांबलेल्या स्त्रियांनी प्रत्येकी सु. १५ सेंमी. चा चौकोन भरून ते जोडून पांघरुणे केली. वेगळ्या कोठड्यांत असलेल्या पतीस आपण जिवंत आहोत, एवढे कळविणे हा त्यांचा हेतू होता. म्हणून प्रत्येकीने आपल्या चौकोनावर नाव घातले. पेल्याखालच्या चटईहून फारशी मोठी नसलेली ही वस्तू निरोप म्हणून पुरेशी ठरली.

जपान : उत्तर जपानच्या थंड प्रदेशात कापूस पिकत नसल्यामुळे पश्चिमेकडील शहरांतून जुने सुती कपडे व चिंध्या जहाजांनी तेथे विक्रीस जात. ताग व तत्सम धाग्यांच्या जाड्याभरड्या कपड्यांवर त्यांचे थर चढवून दाट धावदोरा घालीत. या शिवणीस ‘साशिको’ व अशा ठिगळांच्या वस्त्रांस ‘बोरो’ म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या सुबत्तेत बोरो ही लाजिरवाणी वस्तू होऊन लोकांनी ती जाळून टाकली. चुझाबुरो तानाका (१९३३–२०१३) यांनी खेडोपाडी फिरून उरलेले नमुने जमविले नसते, तर आज परदेशी वेशकल्पकांना ज्यांची भुरळ पडते त्यांतील पुष्कळसे दिसलेही नसते.

लहान चटया : विसाव्या शतकाच्या अखेरीपासून शिवलेल्या पांघरुणास घरगुती गरज म्हणून असलेले स्थान बहुतेक देशांत संपले. गिरणीत तयार झालेले पांघरूण चिंध्या जोडण्याच्या मजुरीपेक्षा स्वस्त पडू लागले. तथापि कला नाहीशी झाली नाही; तिचा आकार आकसला. इंग्रजी भाषक देशांत ‘मग रग’ या नावाने ओळखली जाणारी पेल्याची चटई एकविसाव्या शतकाच्या आरंभी विशेष लोकप्रिय झाली. ती एका संध्याकाळी पुरी होते, भेट म्हणून टपालाने पाठविता येते व नवशिक्यास तिच्यात जोड, थर, टाका व गोट या चारही गोष्टी शिकता येतात. मोठ्या पांघरुणाची नक्षी आधी हिच्यावर अजमावून पाहण्याचीही पद्धत आहे. या मागणीमुळे आता नव्या कापडाचे सु. १२.७ सेंमी. चे कापलेले चौकोन जुड्या बांधून विकले जातात, म्हणजे चिंधी ही विकत घेण्याची वस्तू झाली आहे. महाराष्ट्रातही बचत गटांच्या प्रदर्शनांतून गोधडीच्या टाक्यांच्या पिशव्या, आसने व चटया विक्रीस येतात. त्यांत जुन्या लुगड्याऐवजी शिंपी व कपड्यांच्या कारखान्यांकडील कातरण अधिक असते.

जुन्या गोधड्यांचा पद्धतशीर अभ्यास महाराष्ट्रात व्हावयास हवा, आणि त्याची रीत अवघड नाही. कोणतीही गोधडी तिच्यातील सर्वांत नव्या तुकड्याहून जुनी असू शकत नाही. ठिगळ मात्र नंतरचे असू शकते, म्हणून टाक्यांचा थर पाहूनच तुकड्याचा काळ धरावा लागतो. उसवलेल्या कडेतून आतील थर मोजता येतात, काठांवरून लुगड्याचे विणकाम ओळखता येते व धाग्यावरून तो हातसूत, गिरणीचा वा कृत्रिम हे सांगता येते. ज्या घरी ती असेल तेथे कोणते कापड कोणाचे, हे सांगणारी एखादी वृद्धा बहुधा असतेच. धुण्यापूर्वी, खोळ चढविण्यापूर्वी व बोहारणीस देण्यापूर्वी एवढे टिपून घेतले पाहिजे.